शिवणवालीचा चष्मा

हातात घेतलेला खटला वकिलाने मधेच सोडू नये, असे त्या वकिलांचे मत होते. तीस वर्षांत त्यांनी एकही सोडला नव्हता. एकच सोडायला गेले आणि तो सुटला नाही. तेवढीच ही गोष्ट. जशी झाली तशी सांगतो, मीठमसाला लावत नाही.

सुरुवात अगदी साधी. एका दुपारी वकील चष्म्याच्या दुकानात गेले. डोळे तपासायला नव्हे. एका दुरुस्तीच्या पावतीची नक्कल त्यांना हवी होती. दुकानदाराने वही उघडली, बोटाला थुंकी लावून पाने उलटली.

"ही बघा. फुलवाली बाई. सोमवारी टाकला, गुरुवारी नेला. दांडी मोडली होती."

"सोमवार, नक्की?"

"वकीलसाहेब, माझी वही खोटं बोलत नाही. मी बोलेन एखाद्या वेळेस."

वकील हसले. नक्कल घडी करून खिशात ठेवली. त्या कागदावर एका माणसाचा जीव टांगलेला होता.

तो माणूस म्हणजे कुलूपवाला. कुलपे दुरुस्त करायचा, किल्ल्या करून द्यायचा. त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी शिवणवाली एकटी राहायची. एका बुधवारी ती मरून पडलेली सापडली. गळ्याभोवती तिचीच मापाची पट्टी आवळलेली. मरून एक दिवस झाला होता. दाराला बाहेरून कुलूप आणि त्याची एकुलती एक किल्ली आत खिळ्याला. असे कुलूप कोण लावू शकतो? पोलिसांनी खालच्या दुकानातून कुलूपवाल्याला उचलले. लोक म्हणत, तो चोरांना किल्ल्या करून द्यायचा, ते म्हातारीने पाहिले होते. लोक काय, बरेच म्हणतात. पाहणारी साक्षीदार एकच होती. समोरच्या खोलीतली फुलवाली. मंगळवारी दिवेलागणीला कुलूपवाला जिना उतरताना तिने पाहिला, असे ती सांगत होती.

पण मंगळवारी तिचा चष्मा दुरुस्तीला होता. आणि चष्म्याशिवाय तिला हातातला झेंडू की शेवंती तेही वासावरून ओळखावे लागे. सरकारचा सगळा खटला त्या मोडक्या दांडीवर कोसळणार होता.

वकील खुशीत कचेरीवर आले. कचेरी कोर्टासमोर, दुसऱ्या मजल्यावर. एक टेबल, दोन खुर्च्या, कपाटभर कागद, आणि भाऊ. भाऊ म्हणजे त्यांचा कारकून. बावीस वर्षांचा सोबती. अक्षर मोत्याचे, डोके बेताचे.

वकिलांची कामाची एक पद्धत होती. साक्षीदाराला कोर्टात गाठण्याआधी ते त्याला कचेरीत गाठत. म्हणजे भाऊंना समोरच्या खुर्चीत बसवत आणि उलटतपास घेत. भाऊंनी साक्षीदाराच्या वतीने उत्तरे द्यायची. भाऊंना सवय झाली होती. ते म्हणत, "आजवर पोस्टमन झालो, पाच वेळा सरकारी डॉक्टर झालो, दोनदा विधवासुद्धा झालो. फक्त आरोपी करू नका साहेब. घरी कळलं तर जेवायला मिळायचं नाही."

आणि एक नियम होता. तो वकिलांच्या गुरूने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितला होता. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही.

त्या संध्याकाळी भाऊ फुलवाली होऊन बसले. बाहेर ऊन उतरत होते. वकिलांनी दिवा लावला नव्हता, अजून दिसत होते.

"मंगळवारी संध्याकाळी तुम्ही दारात उभ्या होतात?"

"होय साहेब, फुलं निवडत होते."

"तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतं?"

"लांबचं नाही दिसत."

"मंगळवारी चष्मा कुठे होता?"

भाऊंनी 'दुरुस्तीला' म्हणायचे होते. ते म्हणाले नाहीत.

"भाऊ, दुरुस्तीला म्हणा."

भाऊ खाली मान घालून बसले होते. उजव्या तळहाताने गुडघ्यावरचे कापड सपाट करत होते. पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने. ओठ घट्ट मिटलेले. आणि ओठांच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"माझा... तिच्याकडे होता."

आवाज भाऊंचाच. पण बोलण्याची ढब वेगळी. शिवणाऱ्या बायका ओठांत टाचण्या धरून बोलतात ना, तशी. खोलीत कसलासा वास आला. शिवणयंत्राच्या तेलाचा, आणि पाणी शिंपडून इस्त्री फिरवलेल्या कापडाचा.

"कुणाचा चष्मा कुणाकडे?" वकिलांनी विचारले. भाऊ थट्टा करताहेत असे त्यांना वाटले. पण भाऊंना थट्टा जमत असती तर बावीस वर्षांत एकदा तरी जमली असती.

"तिचा मोडला... म्हणून माझा दिला. दोन दिवसांपुरता. शेजारधर्म..."

हात गुडघ्यावरून फिरतच होता.

"अंधार पडायला लागला... सुई ओवता येईना. मग बसून राहिले. दार वाजलं नाही... नुसतं उघडलं."

इथे थांबायचे होते. ते वकिलांना कळत होते. तरी त्यांनी विचारले.

"कोण आलं?"

"दिसलं नाही... चष्मा नव्हता ना." गुडघ्यावरचा हात थांबला. मग, "किल्ल्या वाजल्या. खालच्याच किल्ल्या... रोज ऐकते मी."

"मग?"

"पट्टी माझ्या गळ्यातच होती. त्याला शोधावी लागली नाही."

वकिलांनी उठून दिवा लावला. भाऊंनी डोळे चोळले.

"साहेब, डोळा लागला का माझा? तोंड कसं लोखंड चघळल्यासारखं झालंय."

"घरी जा भाऊ," वकील म्हणाले.

भाऊ गेल्यावर त्यांनी पंचनामा काढला. शिवणवालीच्या खोलीत काय काय मिळाले त्याची यादी. बेचाळीस वस्तू होत्या. कात्री दोन, खडू, रिळे, शिवणयंत्र, अर्धवट झबले, पाण्याचा तांब्या, वहाणा. ओळीवर बोट ठेवून त्यांनी यादी तीनदा वाचली. म्हातारी शिवणवाली, जन्मभर सुईत डोळे घातलेली. आणि खोलीत चष्मा नाही. पोलिसांना दिसले नव्हते, सरकारी वकिलाला दिसले नव्हते, त्यांना स्वतःला दिसले नव्हते.

त्यानंतर त्यांनी भाऊंना खुर्चीत बसवले नाही. पण त्याचा उपयोग झाला नाही. खुर्चीची गरज उरली नव्हती.

पहिल्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, झोपेत काय पुटपुटत होतात? तेही ओठ मिटून. बोलायचं तर नीट बोला, मला कळू तरी द्या."

दुसऱ्या सकाळी चूळ भरताना त्यांच्या तोंडातून टाचणी पडली. भांड्यात टिण् वाजली. बायको धावत आली.

"टाचणी? तोंडात? गिळली असतीत म्हणजे!"

"कागदांची असेल. झोपेत आली असेल कुठून तरी."

"झोपेत स्वप्नं येतात. टाचण्या येत नाहीत."

तिसऱ्या सकाळी दोन पडल्या. बायकोने त्या उचलल्या, उजेडात धरल्या. कागदांच्या नव्हत्या, शिवणाच्या होत्या. ती हळूच म्हणाली, "कुठली केस आहे ते विचारत नाही. पण सोडा ती."

"आजवर एकही सोडली नाही."

"आजवर टाचणी आली नव्हती."

वकील हट्टी होते, पण खुळे नव्हते. त्यांची अडचण दुहेरी होती. आशिलाच्या विरुद्ध वकिलाला बोलता येत नाही. आणि खरे कळल्यावर त्याच्या बाजूने बोलवत नव्हते. ती पावती पुढे केली की फुलवाली खोटी पडणार, कुलूपवाला सुटणार. पावती खरी होती. सुटका खोटी होती. आणि हे ज्याला सांगावे, असा या जगात कोणी नव्हता. साक्ष कुणाची, तर मेलेलीची. घेतली कुठे, तर कारकुनाच्या तोंडून.

त्यांनी कोर्टाच्या जिन्याखालच्या टंकलेखकाकडून अर्ज लिहून घेतला. वकीलपत्रातून मोकळे करावे, असा. टंकलेखक कागद यंत्रात घालता घालता म्हणाला, "साहेब, हा अर्ज तुमचाच ना? की दुसऱ्या कुणाचा आणलात?"

"टाइप कर."

न्यायाधीशबाई कडक होत्या. अर्ज वाचून चष्म्यावरून पाहिले.

"कारण लिहिलं नाही."

"वैयक्तिक आहे."

"माणूस फाशीच्या दारात उभा आहे, वकीलसाहेब. शेवटची साक्षीदार उद्या पिंजऱ्यात येणार. अशा वेळी वैयक्तिक कारण मला पुरत नाही. आरोपीची संमती आणा. लेखी."

म्हणून वकील दुपारी तुरुंगात गेले.

भेटीची खोली अरुंद. मधे टेबल, वर जाळीची खिडकी. कुलूपवाला आला. वकिलांनी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो वाळलेल्या शेंगेसारखा होता. आता गालांवर मांस आले होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली होती. जांभई देत तो बसला.

वकिलांनी कागद पुढे सरकवला. "मी मोकळा होतोय. इथे सही कर. दुसरा चांगला वकील मिळेल तुला."

कुलूपवाल्याने कागदाकडे पाहिले नाही. वकिलांच्या तोंडाकडे पाहिले. मग दाराबाहेरच्या शिपायाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला,

"टाचणी आली का?"

वकिलांनी नकळत ओठ पुसले.

"माझ्या नखांत निघायच्या... सकाळी. पहिले तीन महिने डोळ्याला डोळा लागला नाही, साहेब. कोठडीत एकटा मी. आणि रात्रभर कापड टरकावल्याचा आवाज. मग तुम्ही आलात. तुमच्या वकीलपत्रावर मी सही केली. त्या रात्री झोपलो तो शिपायानं हलवून उठवला. तेव्हापासून झोपतोय."

"मला हे ऐकायचं नाही."

"ऐकलंय तुम्ही. तिच्याकडून. मी काय नवीन सांगणार?"

पंखा घरघरत होता.

"मग कबूल हो," ते म्हणाले. "खरं सांग न्यायाधीशबाईंना. मी शिक्षा कमी व्हावी म्हणून जीव तोडून बोलेन. फाशी चुकवेन."

"कबूल झालो की ती परत माझ्याकडे." त्याने कागद एका बोटाने मागे ढकलला. "तुम्ही घेतलंत ना माझं सगळं ओझं? तसं छापलंय त्या कागदावर. मी जास्त शिकलो नाही, पण माझ्या सहीच्या वर काय आहे ते वाचून घेतो. सही नाही करणार मी. तुम्ही फार चांगले वकील आहात, साहेब."

तो उठला. दारातून जाता जाता त्याने पुन्हा जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरले. न्यायाधीशबाईंनी आधी अर्ज घेतला. आरोपीला विचारले, हरकत आहे का?

"आहे. असा वकील मला मिळायचा नाही."

"अर्ज नामंजूर. साक्षीदाराला बोलवा."

फुलवाली पिंजऱ्यात आली. वाळकी, वाकलेली, पण ठाम. सरकारी वकिलाने विचारले तेवढे तिने सांगितले. मंगळवार, दिवेलागण, जिना, कुलूपवाला. सरकारी वकील बसला.

आमचे वकील उठले. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. त्यांनी मनाशी ठरवले होते. आपले काम एवढेच करायचे, कमी नाही, जास्त नाही. जे व्हायचे ते होईल. त्यांनी तीन प्रश्न विचारले. सोमवारी चष्मा दुरुस्तीला टाकला का? ती म्हणाली, टाकला. ही पावती त्याचीच का? त्याचीच. चष्म्याशिवाय लांबचे दिसत नाही, खरे ना? खरे.

"एवढेच," ते म्हणाले आणि बसले. तोंडाला कोरड पडली होती. पाण्याच्या पेल्याकडे हात नेताना सहज त्यांची नजर घड्याळावर गेली.

एक वाजून दहा मिनिटे.

कोर्टात चिटपाखरू हलत नव्हते. फुलवाली पिंजऱ्यात तोंडावर हात धरून रडत होती. सरकारी वकील आपले कागद विसरून त्यांच्याकडे बघत होता. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कुलूपवाला दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

न्यायाधीशबाई त्याला म्हणत होत्या, "तुम्हाला आधी तुमच्या वकिलांशी बोलायचं आहे का? विचार करून सांगा."

"त्यांच्याशी नको..." कुलूपवाला म्हणाला. "तिला बसायला सांगा. मी सांगतो. सगळं सांगतो. आधी तिला खाली बसवा."

वकील तर बसलेलेच होते.

बाईंनी त्याला दोनदा बजावले. बोललेले परत घेता येणार नाही, म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि सांगितले. चोरांना किल्ल्या करून दिल्या ते, म्हातारीने पाहिले ते, पट्टी, कुलूप, सगळे. तासभर बोलत होता. बोलताना एकदाही वकिलांच्या टेबलाकडे पाहिले नाही.

बाहेर व्हरांड्यात भाऊ कागदांचे गाठोडे काखेत मारून उभे होते.

"साहेब... दीड तास. तुमचा असा उलटतपास मी आजवर ऐकला नाही. पण आपल्याच माणसाच्या विरुद्ध?"

"मी तीन प्रश्न विचारले, भाऊ."

भाऊंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग मान खाली घातली. "फुलवालीला विचारलंत, डोळ्यांवर त्या दिवशी चष्मा कुणाचा होता. ती कोसळलीच. शिवणवाल्या मावशीचा होता म्हणाली. मेलेल्या बाईचा चष्मा घरात ठेवला म्हणून चोर ठरवतील, या भीतीनं बोलली नव्हती. मग किल्ल्यांचा आवाज विचारलात. मग..." भाऊ थांबले. "ओठ मिटून का बोलत होतात? सरकारी वकील दोनदा म्हणाला, मोठ्यानं बोला."

दुपारी न्यायाधीशबाईंनी त्यांना आपल्या दालनात बोलावले. खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

"तुम्ही आज जे केलंत, ते वकिलानं करायचं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं."

"का केलंत, ते विचारत नाही. तुमचा अर्ज मंजूर करते. काल करायला हवा होता."

त्यांनी सही केली. वकील मोकळे झाले. कुलूपवाल्याला नवा वकील मिळाला, पुढे जन्मठेप झाली. तुरुंगाचा शिपाई बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, तो कैदी झोपत नाही, सारखा बोटे चोळत बसतो. वकिलांच्या तोंडात मात्र त्यानंतर टाचणी आली नाही. बायकोने पंधरा दिवस रोज सकाळी भांडे तपासले. सोळाव्या दिवशी म्हणाली, "गेली एकदाची." आणि त्या दिवसापासून तिने तपासणे सोडले.

महिन्याभराने भाऊंनी त्या दिवसाच्या जबाबाची नक्कल आणून टेबलावर ठेवली. वकिलांनीच मागवली होती. भाऊ ती ठेवून लवकर घरी गेले.

वकिलांनी वाचायला घेतली. उलटतपासाचे एकंदर एक्केचाळीस प्रश्न होते. पहिले तीन त्यांचे. पुढचे सगळे खाली आकडे घालून, स्वच्छ टाइप केलेले, त्यांच्याच नावावर. चष्मा. किल्ल्या. जिन्याची कितवी पायरी वाजते. म्हातारी कुठल्या अंगाने पडली होती. एकेक प्रश्न असा, की पुढच्याला जागा करून देणारा. तीस वर्षांत त्यांना असे जमले नव्हते. वाचता वाचता त्यांना, खोटे कशाला सांगू, थोडा हेवा वाटला.

शेवटच्या पानावर ते थांबले.

प्रश्न एक्केचाळीस. 'ती आत्ता कुठे आहे?'

त्याखाली उत्तर नव्हते. साक्षीदार तोंडाने बोलला नाही तर त्याने काय केले, ते न्यायाधीश कंसात लिहून घेतात. तसे लिहिले होते. '(साक्षीदार हात वर करून बोटाने दाखवते.)'

कुणाकडे, ते लिहिलेले नव्हते.

वकील उठले. समोरच्या कोर्टात गेले. तिथली टंकलेखिका अजून कामावर होती, तिच्या यंत्राचा आवाज जिन्यात येत होता. तिला विचारले असते तर तिने सांगितले असते. जबाब टाइप करत ती त्या दिवशी तिथेच बसली होती, तिने पाहिले होते.

वकील चार पायऱ्या चढले. तिथे कठड्याला धरून उभे राहिले.

मग विचारले नाही. परत फिरले.